तीर आणि कामठा कसा पाहावा



सातपुड्यातल्या काठी गावची होळी पाहायला गेलेल्यांचे डोळे मोरपिसांच्या टोपांवर, अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर आणि कमरेच्या भोपळ्यांवर खिळतात. शेजारच्या माणसाच्या खांद्यावरचा तीरकामठा मात्र नजरेतून निसटतो. अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरांतली भिल्ल, पावरा कारागिरांची ही कला थांबून, जवळून पाहावी अशी आहे.

आधी कामठ्याची दोरी पाहावी. ती सुताची नसते. बांबूची पातळ, चिवट पट्टी तासून ती करतात. दांडाही बांबूचाच. वाकणारा आणि ओढून धरणारा, दोन्ही भाग एकाच झाडातून काढायचे, तर कुठला बांबू लवचीक आणि कुठली पट्टी न चिरणारी, हे हाताला कळावं लागतं.

मग तीराचं टोक. रुंद लोखंडी पातं मोठ्या जनावरासाठी, उलटे काटे मासळीसाठी. पाखरासाठी बोथट लाकडी टोक, कारण पाखरू खाली पडायला हवं, फाटायला नको. नक्षी नसतानाही तीर सुंदर दिसतो तो या नेमकेपणामुळे.

कामठा कुठला, हे ओळखतानाही असंच साहित्य आणि घडण पाहावी. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे जुने भाले कुठले, हे ठरवतानाही नक्षीइतकंच लक्ष साहित्याकडे आणि जोडाकडे द्यावं लागतं. किरिबाटीच्या प्रवाळबेटांवर धातूची खाण नाही. तिथे माडाच्या लाकडावर शार्कचे दात काथ्याने ओवून बांधले जात. पापुआ न्यू गिनीतल्या ॲडमिरल्टी बेटांवर ज्वालामुखीची काळी काच सापडते. तिथल्या भाल्याचं पातं त्या काचेचं, आणि पातं जिथे बसवलं तिथे बियांच्या लगद्याचा लेप देऊन त्यावर रंगीत आकृत्या काढलेल्या.

मात्र कामठा कुठला, याचा निकाल फक्त एका खुणेवर देऊ नये. बांबूची दोरी मध्य भारतातल्या इतर आदिवासी भागांतही आढळते. म्हणून दोरी, टोक, पिसांची बांधणी आणि हाताळून गुळगुळीत झालेली मूठ, सगळं एकत्र पाहावं. तुलनेसाठी पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय उपयोगी पडतं.

घरात आजोबांचा कामठा असेल, तर त्याला वॉर्निश लावू नये. तो कुठल्या पाड्यातला, कुणी केला, कशासाठी वापरला, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहावं आणि ती चिठ्ठी कामठ्यालाच बांधून ठेवावी.