धंद्यावरून कुळाचा माग

आपल्याकडे एखाद्या कुटुंबाला मागच्या पाच-सात पिढ्यांची नावे हवी असली, म्हणजे त्र्यंबकेश्वराच्या किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडाव्या लागतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारी येऊन कुळाची नावे घडाघडा म्हणून दाखवितो. आयर्लंडमध्येही एके काळी सरदारांच्या पदरी वंशावळ सांगणारी घराणी होती. अल्स्टरच्या ओडॉनेल सरदारांकडे ओक्लेरी घराणे वंशपरंपरेने इतिहासकार होते आणि त्याच घराण्यातील मायकेल ओक्लेरी याने आपल्या सहकाऱ्यांसह 1632 ते 1636 या काळात देशाची मोठी बखर सिद्ध केली. परंतु सतराव्या शतकात ती सरदारी मोडली आणि तिच्या आश्रयाने राहणारे विद्वानही देशोधडीला लागले. पुढे माणसांची नोंद राहिली ती मुख्यतः सरकारी आणि चर्चच्या दप्तरांत. आणि त्या दप्तरांचा फार मोठा भाग 1922 साली एका दिवसात जळून गेला.

डब्लिन शहरात लिफी नदीच्या काठी ‘फोर कोर्ट्‌स’ नावाची न्यायालयाची भव्य वास्तू आहे. तिच्या आवारात 1867 साली स्थापन झालेला सरकारी दप्तरखाना होता. ब्रिटनशी झालेल्या तहावरून आयरिश पुढाऱ्यांत फूट पडली. तहाच्या विरोधकांनी एप्रिल 1922 मध्ये ही वास्तू ताब्यात घेतली, 28 जूनला नव्या सरकारने तिच्यावर तोफा डागल्या आणि 30 जूनला प्रचंड स्फोट होऊन दप्तरखान्याने पेट घेतला. सुमारे सात शतकांचे कागद त्यात गेले. 1821 ते 1851 या चार खानेसुमाऱ्यांची कुटुंबवार पत्रके, थोडे अपवाद सोडल्यास, नष्ट झाली, मृत्युपत्रे गेली, प्रॉटेस्टंट चर्चने तेथे ठेवावयास दिलेली जन्ममरणाची पुस्तके गेली. तथापि सगळा दोष आगीच्या माथी मारता येत नाही. 1861 आणि 1871 या सालांची पत्रके आकडेवारी काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट करविली होती, आणि 1881 व 1891 ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत लगदा करण्यासाठी धाडण्यात आली. तोफांनी केलेला नाश निदान रागाच्या भरातला होता. हा नाश शांतपणे, शेरा मारून आणि सही करून झाला.

त्या दप्तरखान्यात काय काय होते, हे मात्र ठाऊक आहे. हर्बर्ट वुड या दप्तराधिकाऱ्याने 1919 साली, म्हणजे आगीच्या अवघी तीन वर्षे आधी, तेथील कागदपत्रांची मार्गदर्शिका छापून काढली होती. तिच्या आधारे जगभर विखुरलेल्या नकला जमवून तो दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा करण्याचे काम डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने हाती घेतले गेले आणि 2022 साली, आगीला शंभर वर्षे होत असताना, ते सर्वांसाठी खुले झाले.

या आगीतून काही कुटुंबे कशी वाचली, त्याची हकीकत विलक्षण आहे. 1908 साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला. सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. पण सत्तरी ओलांडली याचा पुरावा कोठून आणावयाचा? सर्व जन्मांची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये 1864 पासूनच सुरू झालेली. तेव्हा अर्जदाराने आपल्या आईबापांची नावे आणि गाव कळवावयाचे आणि कारकुनाने 1841 किंवा 1851 च्या खानेसुमारीत ते घर शोधून, त्या वेळी हे मूल किती वर्षांचे होते, ते उतरून द्यावयाचे, अशी व्यवस्था झाली. मूळ खानेसुमारी जळाली; शोधाचे हे फॉर्म उरले. ज्यांचे पूर्वज पेन्शनसाठी अडले होते, त्यांना आज त्या फॉर्मांत आपले घर सापडते. तो कागद कुळाच्या अभिमानासाठी लिहिलेला नव्हता, पोटासाठी लिहिलेला होता.

आयरिश पूर्वजांच्या शोधात हाच अनुभव पुनःपुन्हा येतो. माणूस कोणाचा मुलगा होता हे सांगणारे कागद एका इमारतीत गोळा केले होते, ते गेले. तो काय काम करीत होता हे सांगणारे कागद मात्र मालकाच्या कोठीत, धंद्याच्या संघाकडे, पलटणीच्या दप्तरात, लंडनमधील खात्यांत विखुरलेले होते, म्हणून ते पुष्कळ प्रमाणात राहिले. शिवाय तेथे नावाचा उपयोगही बेताचाच. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, ही आपल्यासारखीच चाल तेथे होती. परिणाम असा, की एकाच आजोबांच्या पाच नातवंडांची नावे एक, आडनाव एक, गावही एकच. टिपरेरीकडे रायन आडनावाची घरे इतकी, की प्रत्येक शाखेला वेगळे टोपणनाव लावल्यावाचून पत्र पोहोचणे कठीण. अशा वेळी एक पॅट्रिक रायन लोहार आहे आणि दुसरा गवंडी आहे, एवढ्या एका शब्दाने वाट मोकळी होते.

हा शब्द बहुधा प्रथम भेटतो तो लग्नाच्या दाखल्यात. प्रॉटेस्टंट विवाहांची नोंद 1845 पासून आणि सर्वांच्या विवाहांची 1864 पासून सुरू झाली. तीत वधू-वरांच्या धंद्याबरोबर दोघांच्याही वडिलांचे नाव आणि धंदा लिहिण्याचा रकाना आहे. 1865 साली लग्न झालेल्या तरुणाचा बाप साधारण 1810 च्या सुमारास जन्मलेला असावयाचा. ज्या पिढीची खानेसुमारी जळाली, ती पिढी येथे निदान धंद्याच्या रूपाने उभी राहते. ‘शेतकरी’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. दोनशे एकरांचा कुळवाडीही शेतकरी आणि दोन एकरांवर बटाटे लावणाराही शेतकरीच. त्यातील फरक कळतो तो रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली 1847 ते 1864 या काळात प्रसिद्ध झालेल्या जमीन-मूल्यांकनाच्या पुस्तकांतून. त्यांत कोणाकडे किती जमीन, तिची आकारणी किती आणि ती कोणाकडून घेतलेली, हे गाववार दिले आहे. बापाला शेतकरी म्हणविण्याचा मोह लग्नाच्या दिवशी कित्येकांना झाला असावा, असे ती पुस्तके शेजारी ठेवून पाहिल्यावर वाटल्यावाचून राहत नाही.

धंद्यांच्या दप्तरांत सर्वांत समृद्ध दप्तर आहे पोलिसांचे. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी हे दल 1922 साली विसर्जित झाले. परंतु त्याच्या सेवापुस्तकांत 1816 पासूनच्या नोंदी आहेत आणि ती लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित आहेत. शिपायाचे वय, उंची, जन्मकाउंटी, धर्म, पूर्वीचा धंदा, शिफारस कोणी केली, लग्न केव्हा झाले, बायको कोणत्या काउंटीची, बदल्या कोठे कोठे झाल्या, शिक्षा व बक्षिसे, हे सर्व एका ओळीत सापडते. शिपायाला स्वतःच्या काउंटीत किंवा बायकोच्या काउंटीत नेमावयाचे नाही, असा दंडक होता. त्यामुळे केरीचा मुलगा डोनेगलमध्ये आणि त्याची मुले तिसऱ्याच ठिकाणी जन्मलेली. हा दंडक ठाऊक नसलेला वंशज केरीतील चर्चची पुस्तके वर्षानुवर्षे चाळीत बसतो. 1901 आणि 1911 या दोनच जुन्या खानेसुमाऱ्या अखंड उरल्या; त्यांची पत्रके घरोघर जाऊन याच शिपायांनी गोळा केली. गंमत अशी, की बराकीत राहणाऱ्या शिपायांची स्वतःची नावे त्या पत्रकांत नाहीत, केवळ आद्याक्षरे आहेत. सगळ्या देशाची नावे गोळा करणारा आपण मात्र दोन अक्षरांत लपला. वय, धर्म आणि जन्मकाउंटी सेवापुस्तकाशी ताडून पाहिली, म्हणजे तो पुन्हा सापडतो. मराठी श्रोत्यांना हे दल अगदीच परके नाही. 1843 साली सिंध घेतल्यावर सर चार्ल्स नेपियर यांनी तेथे जे पोलीस दल उभारले ते आयरिश धर्तीवर, आणि तो सिंध प्रांत पुढे 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता.

उत्तरेकडील अल्स्टर प्रांताची कथा तागासारख्याच एका झाडाच्या धाग्याची आहे. ते झाड म्हणजे जवस, आणि त्याच्या सालीच्या धाग्याचे कापड म्हणजे लिनन. या धंद्याच्या उत्तेजनासाठी 1711 साली लिनन बोर्ड स्थापन झाले होते. 1796 साली बोर्डाने जाहीर केले, की जो कोणी धाग्यासाठी जवस पेरील त्याला क्षेत्राच्या मानाने चरखे बक्षीस मिळतील: एका एकराला चार चरखे आणि पाच एकरांना एक हातमाग. बक्षीस मिळालेल्यांची यादी छापली गेली. तीत जवळजवळ साठ हजार नावे आहेत, काउंटी आणि पॅरिश यांसह. टिरोन आणि डोनेगल या काउंट्यांत ती सर्वांत दाट आहेत. देशाची पहिली संपूर्ण खानेसुमारी होण्यापूर्वी पंचवीस वर्षे इतक्या साध्या कुटुंबांची नावे अन्यत्र क्वचितच मिळतील. चरख्यावर बसणारी बाई मात्र यादीत बहुधा नाही. चरखा घरधन्याच्या नावावर आहे.

शहरातील कारागिरांचा प्रकार निराळा. डब्लिनमध्ये प्रत्येक कसबाची श्रेणी, म्हणजे गिल्ड, असे. उमेदवारीची वर्षे पुरी करून, किंवा सभासदाचा मुलगा वा जावई म्हणून, माणसाला श्रेणीत आणि त्याद्वारे नगराच्या नागरिकत्वात प्रवेश मिळे. वंशावळ शोधणाऱ्याला याहून सोयीची व्यवस्था कल्पिणे कठीण. कारण हक्क सांगावयाचा तर नाते सांगणे भाग. परंतु कॅथलिकांना, म्हणजे देशाच्या बहुसंख्येला, 1793 पर्यंत हे पूर्ण सभासदत्व बंद होते. त्यांनी दर तिमाहीला फी भरून धंदा करावयाचा. 1840 च्या नगरपालिका कायद्याने श्रेण्यांची सत्ता संपविली. सोनारांची श्रेणी, जिला 1637 साली सनद मिळाली, ती तेवढी अजून चांदीसोन्यावर छाप मारण्याचे काम करीत आहे. श्रेण्यांच्या जागी पुढे मोठे कारखाने आले. आर्थर गिनेस याने 1759 साली नऊ हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेल्या मद्यशाळेत लाकडी पिंपे बांधणाऱ्या कूपरांचे कसब बापाकडून मुलाकडे जात असे. त्या कंपनीच्या दप्तरात नोकरांच्या फायली जपून ठेवलेल्या आहेत. दुकानदारांसाठी 1751 पासूनच्या विल्सनच्या आणि पुढे पिगट, स्लेटर व थॉम यांच्या व्यापारी मार्गदर्शिका आहेत. वकील-डॉक्टरांविषयी फारसे सांगणे नको. सुशिक्षितांचे कागद सगळीकडेच मुबलक. ट्रिनिटी कॉलेजच्या प्रवेशपुस्तकात तर विद्यार्थ्याच्या बापाचा धंदा लॅटिनमध्ये लिहिलेला आहे.

आडनावावरून धंदा ओळखण्याचा मोह येथे आवरावा लागतो. मॅक्‌गोवन म्हणजे लोहाराचा पुत्र, मॅक्‌अटीर म्हणजे सुताराचा किंवा कारागिराचा, हिकी म्हणजे वैद्याच्या कुळातला. कॅव्हनकडील मॅक्‌गोवनांनी इंग्रजी अमलात आपल्या नावाचे भाषांतर करून ‘स्मिथ’ घेतले, आणि आज त्यांना परके समजले जाते. वॉर्ड हे आडनाव इंग्रजीत पहारेकऱ्याचे. आयर्लंडमध्ये ते बहुधा ‘कवीचा पुत्र’ या आयरिश नावाचे रूप असते. पण हे धंदे शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्याकडचा कुलकर्णी किंवा पोतदार आज गावचे दप्तर लिहीत नाही की नाणी पारखीत नाही. त्याचप्रमाणे हिकी हा खाटीक असू शकतो आणि वॉर्ड नांगरट करणारा.

सैनिकांचा माग थेट आपल्या प्रदेशात येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. भरतीच्या वेळी वय, उंची, जन्मस्थान आणि आधीचा धंदा लिहून घेत. म्हणून कॉर्कचा विणकर किंवा गॉलवेचा मजूर लष्करी कागदांत ओळखू येतो. मुंबई, पुणे, खडकी आणि अहमदनगर येथील छावण्यांत त्यांची लग्ने झाली, मुले झाली, पुष्कळ जण तापाने आणि पटकीने गेले. पाद्री त्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवीत आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट पुढे राणीच्या सैन्यात 103 वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स झाली आणि 1881 साली तिचेच रूपांतर रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सच्या दुसऱ्या बटालियनमध्ये झाले. डब्लिनचे नाव मिरविणाऱ्या पलटणीचे मूळ मुंबईत होते.

गुन्हेगाराचीही नोंद अशीच तपशीलवार. ऑस्ट्रेलियाला 1868 पर्यंत कैदी नेले जात. जहाजावरील त्यांच्या याद्यांत जन्मकाउंटी आणि कसब दिलेले आहे. मेंढी चोरून काळ्या पाण्यावर गेलेल्याचा धंदा त्याच्या वंशजांना कळतो. मेंढी न चोरता गावातच उपाशी मेलेल्याचा कळत नाही. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्यांत सर्वांत मोठा वर्ग होता भूमिहीन मजुरांचा आणि तुकडाभर जमिनीवर जगणाऱ्यांचा. त्यांना श्रेणी नव्हती, सेवापुस्तक नव्हते, मार्गदर्शिकेत जागा नव्हती. पिकाच्या दिवसांत खांद्यावर विळा टाकून गावोगाव हिंडणाऱ्या मजुराला आयरिश भाषेत ‘स्पॅलपीन’ म्हणत. त्याचा मालक दर आठवड्याला बदले आणि कोणताही मालक त्याचे नाव लिहून ठेवीत नसे. बायकांचे तेच. 1901 च्या पत्रकात धंद्याच्या रकान्यात घरधनी ‘शेतकरी’, मुलगा ‘शेतकऱ्याचा मुलगा’, मुलगी ‘शेतकऱ्याची मुलगी’, आणि पहाटेपासून दूध काढणारी, लोणी घुसळणारी, डुकरे पोसणारी बायको असेल तेथे रकाना पुष्कळदा कोराच. मजुराचा शोध घेणाऱ्याने अखेर ग्रिफिथच्या पुस्तकांकडे वळावे. तेथे एखाद्या शेतकऱ्याच्या नावाखाली, जमिनीचा आकडा नसलेल्या ओळीत एक नाव असते, त्यापुढे ‘घर’ एवढाच शब्द, आणि शेवटच्या रकान्यात वर्षाची आकारणी: पाच शिलिंग.