परदेशी निघालेल्या आमच्या लेकी

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात, परिचर्या प्रशिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांच्या शपथविधीप्रसंगी निवृत्त अधिसेविकांनी केलेल्या भाषणाचा संकलित भाग.)



आपल्या जिल्ह्यात लहान मुलांच्याही तोंडी असलेली एक म्हण आहे : ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. आपण ती हसत हसत म्हणतो. बाहेरगावचा पाहुणा ऐकतो आणि तोही हसतो. परंतु गेल्या काही वर्षांत या म्हणीतील विनोद कमी होऊन त्यात एक खरा रस्ता दिसू लागला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांना पाठविण्याचे उद्दिष्ट ठरले, आणि ज्या कामांसाठी माणसे हवीत त्यांच्या यादीत परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, तसेच आजारी व वृद्धांची शुश्रूषा करणारे यांचा समावेश झाला. तेव्हापासून पालक मला वाटेत थांबवून विचारतात, “मॅडम, आमच्या पोरीला जर्मनीला पाठवावं का ?” आज त्या प्रश्नाचे उत्तर या व्यासपीठावरून देण्याचा प्रयत्न करते.

प्रथम एक जुनी आठवण. मी या रुग्णालयात रुजू झाले तेव्हा आमच्या वॉर्डांत केरळच्या सिस्टर होत्या. दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून, एक पत्र्याची पेटी घेऊन त्या मराठवाड्यात आल्या. त्यांना मराठी येत नव्हते आणि आपल्या बायाबापड्यांना हिंदीही येत नव्हते. तरीही सहा महिन्यांत त्या ‘कुठं दुखतंय’, ‘घाबरू नका’ असे म्हणायला शिकल्या. पगार झाला की पहिली मनिऑर्डर घरी जाई. त्यांच्याच गावच्या मुली १९६० च्या दशकापासून पश्चिम जर्मनीत आणि पुढे आखाती देशांत जात होत्या. आपण त्या काळी परक्या घरच्या लेकींची सेवा घेत होतो. आज आपल्या लेकी परक्या घरी सेवा द्यायला निघाल्या आहेत. यात आश्चर्य मानण्यासारखे किंवा रागावण्यासारखे काहीही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची उणीव होती. दर सातांपैकी एक परिचारिका आपल्या जन्मदेशाबाहेर काम करते. श्रीमंत देशांत वृद्धांची संख्या वाढत आहे आणि त्यांच्या उशाशी बसणारे हात कमी पडत आहेत. ही मागणी आपण अडवू शकत नाही, आणि अडवूही नये. म्हणून ‘जावे की जाऊ नये’ हा माझ्या मते खरा प्रश्न नाही. ती कशी जाते, मोकळ्या मनाने जाते की कर्जाचे ओझे डोक्यावर घेऊन जाते, हा खरा प्रश्न आहे.

आमची एक विद्यार्थिनी होती. नाव सांगत नाही. गोदाकाठच्या एका गावातील, कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. एका मोठ्या शहरातील दलालाने तिला इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमात काम देण्याचे कबूल केले आणि सात लाख रुपये मागितले. वडिलांनी दोन एकर जमीन गहाण ठेवली. पैसे रोख दिले, पावती मिळाली नाही. मुलगी गेली, कामालाही लागली. काही महिन्यांनी तिच्या मालकाचा परदेशी कामगार ठेवण्याचा परवानाच रद्द झाला. तेथील नियमाप्रमाणे अशा वेळी साधारणतः ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, नाही तर देश सोडावा लागतो. एका रात्री तिचा फोन आला. ती रडत नव्हती. एवढेच म्हणाली, “मॅडम, इथं राहता येत नाही आणि रान सुटल्याशिवाय घरी येता येत नाही.”

कर्ज म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाही. कापूस आणि सोयाबीनवर घेतलेल्या कर्जाने आपल्या घरांचे काय होते ते आपण पाहिले आहे. दलालाला देण्यासाठी काढलेले कर्ज हे त्याच जातीचे आहे. फरक एवढाच की त्यात बियाण्याऐवजी मुलगी पेरलेली असते.

२०१४ साली इराकमधील तिक्रीत शहरात ४६ भारतीय परिचारिका युद्धात अडकल्या. शासनाच्या प्रयत्नांनी त्या ५ जुलै २०१४ रोजी कोचीला सुखरूप परतल्या, हे आपणा सर्वांना आठवत असेल. त्या वेळी वृत्तपत्रांतून आणखी एक गोष्ट आली होती, ती मात्र अनेकांच्या विस्मरणात गेली. बाहेर गोळीबार सुरू असतानाही त्यांतील काही जणी परत यायला कचरत होत्या, कारण थकलेला पगार मिळाला नव्हता आणि घरी कर्ज फेडायचे होते. गोळीपेक्षा हप्त्याची भीती मोठी ठरावी, याहून अधिक मी काय सांगू ?

आता पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. मी कायदेपंडित नाही, पण एवढे प्रत्येक घरात माहीत असावे.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी खरी की खोटी, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. अशी संस्था उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच घेऊ शकते, आणि त्याची पावती द्यावी लागते. जो लाखांत रोख मागतो आणि पावती देत नाही, त्याच्या दारातून उठून यावे. आखाती देशांसह ज्या १८ देशांसाठी प्रवासी संरक्षण खात्याची परवानगी लागते, तेथे परिचारिकांची भरती शासकीय संस्थांमार्फतच व्हावी, असा आदेश केंद्राने २०१५ मध्ये काढला. त्या देशांत जाणाऱ्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये भरून १० लाखांचे संरक्षण मिळते. जर्मनीत तर प्रामाणिक भरतीसाठी २०२२ पासून एक सरकारी गुणचिन्ह दिले जाते आणि त्याची पहिली अटच अशी आहे की भरतीचा खर्च मालकाने करावा, परिचारिकेने नव्हे.

दुसरे, ‘नर्स’ आणि ‘केअरगिव्हर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इस्रायलसाठी २०२४ मध्ये जी भरती निघाली ती घरी राहून वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांची होती. दहावी उत्तीर्ण आणि शुश्रूषेचा अभ्यासक्रम केलेले उमेदवार तिला चालत होते. ते काम सन्मानाचेच आहे, पण तीन-चार वर्षे जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून ते पत्करणाऱ्या मुलीने आपण काय सोडून काय स्वीकारतो, हे समजून जावे. इंग्लंडने २२ जुलै २०२५ पासून शुश्रूषा कामगारांसाठी परदेशातून नवे अर्ज घेणे बंद केले. तरीही त्या नावाने पैसे मागणारा कोणी भेटला, तर तो काय विकतो आहे, ते ओळखा.

तिसरे, भाषा. जर्मनीत नोंदणीकृत परिचारिका व्हायचे तर जर्मन भाषा साधारणतः बी-२ पातळीपर्यंत यावी लागते. शून्यापासून तेथवर पोहोचायला एक वर्षाहून अधिक काळ, रोजचा अभ्यास आणि पुण्या-मुंबईत राहण्याचा खर्च लागू शकतो. त्यानंतर आपल्या शिक्षणाची तेथे तपासणी होते आणि उणीव आढळल्यास परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. तोपर्यंत सहायक म्हणून, कमी वेतनावर काम करावे लागते. आमची एक मुलगी या मार्गाने गेली. तिने पहिल्याच महिन्यात कळविले, “मॅडम, इथं रुग्णाजवळ नातेवाईक बसलेले नसतात. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं आम्हीच करतो.” आपल्याकडे ही कामे आई, सून किंवा मावशी करतात. तेथे तीच परिचर्या समजली जाते. तिला आधी वाईट वाटले. पुढे तिने लिहिले की, आठवडाभर एका आजीबाईंना हाताने भरवल्यावर त्यांच्या वेदनेचे जे कळले, ते तक्ता वाचून कधीच कळले नसते.

चौथी गोष्ट लहान दिसते, पण तिने अनेकींची वर्षे खाल्ली आहेत. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत वडिलांच्या नावाचे एक स्पेलिंग, आणि पासपोर्टवर सासरचे आडनाव. परदेशी अधिकाऱ्याला या तीन निरनिराळ्या स्त्रिया वाटतात. मुलींनो, आजच घरी जाऊन आपली कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचा.

आता मी स्वतःची एक चूक येथे मान्य करणार आहे. विश्वस्तांची क्षमा मागून बोलते.

अनेक वर्षे आपल्या रुग्णालयात रुजू होणाऱ्या प्रत्येक परिचारिकेची मूळ प्रमाणपत्रे आम्ही ठेवून घेत असू. कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. मुली मध्येच सोडून जातात, रात्रपाळीला माणूस उरत नाही, म्हणून हा नियम होता. मला तो योग्य वाटे. एकदा एका मुलीला मुलाखतीसाठी मूळ कागद हवे होते. मी म्हणाले, “बदली सिस्टर येईपर्यंत थांब.” ती थांबली आणि तिची संधी गेली. तिने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी ड्यूटीवर आली आणि सलाईन लावू लागली. मला त्या दिवशी कळले की, मी ज्याला शिस्त समजत होते ती सावकारीच होती. सावकार सातबारा ठेवतो, मी प्रमाणपत्र ठेवत होते. निवृत्तीपूर्वी मी ते कपाट रिकामे करण्याची विनंती केली आणि मंडळाने ती मान्य केली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कागद परत दिल्यावर सगळ्या निघून जातील, अशी भीती होती. काही गेल्या. पण ज्या राहिल्या त्या स्वतःच्या इच्छेने राहिल्या, आणि अशा परिचारिकेच्या हातात फरक असतो. तो रुग्णाला कळतो.

त्यांना राहावेसे वाटावे, ही मात्र आपली जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही मासिक वेतन २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. ५० ते १०० खाटा असतील तर ते शासकीय वेतनापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे, १०० च्या पुढे १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे, आणि २०० च्या पुढे ते शासकीय वेतनाइतके असावे. धर्मादाय रुग्णालयाची अडचण मला ठाऊक आहे. आपण गरिबांकडून बिल घेत नाही, तेव्हा पगार कोठून द्यायचा ? पण गरीब रुग्णाला दिलेली सवलत दुसऱ्या गरीब घरच्या मुलीच्या पगारातून कापली जाऊ नये. ती देणगीदारांच्या ओंजळीतून यावी, यासाठीच तर न्यास असतो. २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. चांगल्या परिचारिकेला आता गावातच दुसरे दार उघडे आहे.

म्हणून आज मी दोन गोष्टी मागते. पहिली, वेतनासाठी स्वतंत्र कायम निधी. दुसरी, एक लहान बिनव्याजी फिरता निधी, ज्यातून भाषावर्गाचे शुल्क, कागदपत्रांच्या साक्षांकनाचा खर्च आणि परीक्षेची फी देता येईल. नोकरी लागल्यावर मुलगी ते पैसे हप्त्याने परत करील आणि त्यातून पुढची मुलगी शिकेल. येथेच राहून अतिदक्षता किंवा प्रसूती विभागाचे विशेष प्रशिक्षण घेऊ इच्छिणारीलाही तो खुला असावा. जाणारी आणि राहणारी, दोघींनाही सावकाराची पायरी चढावी लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

आपल्या गंगाखेडची जनाबाई लहानपणी घर सोडून पंढरपुरी परक्याच्या घरी राबायला गेली, असे परंपरा सांगते. तिचे गाव मात्र आजही तिच्याच नावाने ओळखले जाते. मुलींनो, तुम्ही कोठेही जा. परक्या देशातील कोणा म्हाताऱ्याने विचारले की, तू कुठली, तर ताठ मानेने सांगा, परभणीची. आणि ज्या राहणार आहात, त्यांना उद्या सकाळी सात वाजता पहिली ड्यूटी आहे, वेळेवर या.