नववी आणि दहावी प्रतिज्ञा
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



‘वंशभेद आणि मानवता’ हा विषय मला समितीने दिला. तो ऐकून एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “काका, वंशभेद अमेरिकेत, आफ्रिकेत. आपल्याकडे जातिभेद. मग हा विषय आपल्या विहारात कशाला?” प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी त्याचंच उत्तर देतो.

२० मार्च ही तारीख आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आता पुढची तारीख, २१ मार्च. दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. त्या काळी काळ्या माणसाला आपल्याच देशात फिरताना खिशात पास बाळगावा लागे. २१ मार्च १९६० रोजी लोक पास न घेता पोलीस ठाण्यासमोर जमले. आमच्याजवळ पास नाही, करा अटक, एवढंच त्यांचं म्हणणं. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसं मेली. पुढे १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने हाच दिवस वंशभेद निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केला. एकीकडे पाण्याला शिवायची बंदी, दुसरीकडे रस्त्याने चालायची बंदी. देश वेगळे, अपमान एकच.

हे नातं आपल्या माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९४६ साली त्यांनी निग्रो समाजाचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली, ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तेव्हा हा विषय परका नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घेऊ. जात म्हणजे वंश, असं बाबासाहेबांनी कधी मानलं नाही. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये १९३६ सालीच त्यांनी दाखवून दिलं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांच्यात वंशाचा फरक नाही. म्हणजे वरच्यांचं रक्त वेगळं आणि खालच्यांचं वेगळं, ही थापच आहे. पुढे विज्ञानानेही तेच सांगितलं. २००३ साली मानवी जनुकांचा नकाशा पूर्ण झाला. कोणतीही दोन माणसं घ्या, नागपूरची घ्या नाहीतर नैरोबीची, त्यांची जनुकीय रचना सुमारे ९९.९ टक्के सारखी असते.

तथागतांनी तर हे अडीच हजार वर्षांपूर्वी समजावलं. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागतो. माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने? दोघे भगवंतांकडे जातात. भगवंत त्यांना गवत, झाडं, किडे, साप, मासे, पक्षी यांची उदाहरणं देतात. त्यांच्या जाती वेगळ्या, कारण त्यांची लक्षणं वेगळी. माणसात तसं नाही. केस बघा, कान बघा, डोळे बघा, हातपाय बघा, कुठेही जातीचं वेगळं लक्षण सापडत नाही. शेती करतो तो शेतकरी, चोरी करतो तो चोर. कामावरून नाव पडतं, एवढंच.

बंधुभगिनींनो, इथवर सगळे माना डोलावतात. आता जरा आपल्या घरात डोकावू.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत सुदानचा एक विद्यार्थी भाड्याने खोली बघायला आला. खोलीचा मालक आपलाच माणूस, द्यायला तयार. पण शेजारी कुरकुरू लागले. यांचं खाणं वेगळं, यांचा वास येतो, आपल्या मुलीबाळी आहेत. बोलणारे सगळे जयभीमवाले. तेव्हा एक म्हातारी आजी ओट्यावरून म्हणाली, “अरे, गावात आम्हाला अगदी हेच बोलायचे रे. शब्दसुद्धा बदलला नाही तुम्ही.” सगळे गप्प झाले. पोराला खोली मिळाली, दोन वर्षं राहून शिक्षण पूर्ण करून तो गेला. पण त्याच्या मित्राला शेजारच्या गल्लीत खोली मिळाली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आपल्या वधू-वर मेळाव्यातले परिचयपत्र वाचा. वर बुद्धाचा फोटो, खाली अपेक्षा, ‘मुलगी गोरी असावी’. ईशान्य भारतातली मुलं रस्त्याने जाताना दिसली की आपली पोरं त्यांना ‘चिंकी’ म्हणून हाक मारतात. हे हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या बाजारात अरुणाचल प्रदेशातल्या एका विद्यार्थ्याच्या केसांची टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला.

ज्याने चटका सोसला, त्याला दुसऱ्याची आग आपोआप कळते असं आपण धरून चालतो. तसं होत नाही, ते शिकावं लागतं. त्यासाठीच बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली नववी सर्व माणसं समान आहेत असं मानण्याची, आणि दहावी समता स्थापन करण्यासाठी झटण्याची. नववीवर थांबायला त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून या विहाराकडे माझी मागणी साधी आहे. एक, आपल्या मेळाव्याच्या परिचयपत्रातून रंगाचा रकाना काढून टाका. दोन, २० मार्चच्या कार्यक्रमाला जोडून २१ मार्चलाही एक सभा घ्या आणि शहरात शिकणाऱ्या आफ्रिकेच्या, ईशान्येच्या मुलांना बोलायला बोलवा. आपण ऐकायला बसू. तीन, ज्याच्याकडे रिकामी खोली आहे, त्याने माणूस बघून द्यावी, कातडी बघून नव्हे.