घटातील खूण आणि चित्रातील बिंदू



जळगाव जामोद परिसरातील माणसाला अमूर्त चित्र परके वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. याच तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला शेतात वर्तुळाकार घट मांडतात. कडेने अठरा प्रकारची धान्ये, मध्ये खड्ड्यात चार ढेकळे व त्यांवर पाण्याची घागर. ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. पान-सुपारी म्हणजे राजा. भाकिताला शास्त्रीय आधार नाही, हा भाग निराळा. परंतु वर्तुळ, मध्य आणि खूण ही भाषा येथे पिढीजात आहे.

सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) मूळचे मंडला जिल्ह्यातील. आरंभीचे कलाशिक्षण नागपूरचे. बालपणी त्यांचे चंचल मन स्थिर व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहावयास सांगितले. १९५० साली रझा फ्रान्सला गेले. तो ठिपका 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तो १९८० च्या सुमारास. परंपरा त्यांना आयती लाभली नाही; दूर राहून ती पुन्हा शोधावी लागली.

मात्र घटातील खुणेचा अर्थ ठरलेला असतो, बिंदूचा तसा नसतो. तो बीज आहे, शून्यही आहे. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांच्या चित्रांत तर ओळखीची खूणही उरत नाही. उरतात रोलरने पसरलेले रंगांचे थर व त्यांतून झिरपणारा प्रकाश. 'अमूर्त' हे नावही त्यांना मान्य नव्हते.

शाळेत अशा चित्राची प्रत लावल्यास अर्थ फळ्यावर लिहून देण्याची घाई शिक्षकांनी करू नये. विद्यार्थ्यांना काही वेळ निमूटपणे पाहू द्यावे. रझांनाही प्रथम पाहावयासच सांगितले गेले होते.