गल्लीचा अभ्यास

मुंबईच्या 'पुकार' संस्थेने २००५ साली युवा फेलोशिप सुरू केली. तरुणांचे गट वर्षभर आपल्याच वस्तीतला एक प्रश्न घेऊन अभ्यासायचे. शिक्षण अर्धवट सुटलेलेही त्यात.

अशा अभ्यासाची निकड आमच्या गोंदियाला जास्त. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, त्या तीन लाख वस्तीच्या वा त्याहून मोठ्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत गोंदिया सव्वा लाखाच्या जरा पुढे. मग नाली कुठे तुंबते, हे मोहल्ल्याने कुठे बसून सांगायचं? मी गल्लीवर कविता करतो, पण नगरपरिषद कविता दाखल करून घेत नाही! बी.ए.च्या मुलामुलींनी वर्गाबाहेर पडून मोजावं. राईस मिलचा कोंढा कुणाच्या छपरावर बसतो, नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो. वही भरली की नगरपरिषदेत द्यावी आणि पोच घ्यावी.