जुना चेनसॉ : घेताना, चालवताना, ठेवताना
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी शेतमालाच्या भावावर बोलणार नाही, एका मशीनवर बोलणार आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली, सगळीकडे नारळ, सुपारी, आंबा आडवा झाला. स्वतःच्या बागेत शिरायला वाट नव्हती. झाडे कापणारा सांगेल तो दर आणि देईल ती तारीख. मग अनेकांनी चेनसॉ घेतले. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आले, आणखी काहींनी घेतले. त्यांतले काही आज माळ्यावर धूळ खात पडले आहेत आणि अधूनमधून विकायला निघतात. जुना घ्यावा का, असे मला विचारतात. माझे उत्तर आहे : घ्यावा, पण शिकून घ्यावा.

हे मी ठेच लागून सांगतो. आमच्या गटाने वर्गणी काढून एक जुना चेनसॉ घेतला. पहिल्याच दिवशी एका पोराने मोटारसायकलीसारखे नुसते पेट्रोल भरले. थोड्या वेळात इंजिन जॅम झाले, वर्गणी पाण्यात गेली. चूक पोराची नव्हती. कृषी पदवी माझ्याकडे होती, मशीन मी आणले होते, आणि सांगायचे मीच विसरलो होतो.

म्हणून पहिली गोष्ट, घेताना. मशीन थंड असताना बघा. आधी तापवून ठेवलेले कोणतेही मशीन पटकन सुरू होते. स्विच बंद ठेवून स्टार्टरच्या दोरीला धरून मशीन उचला. हळूहळू खाली उतरले तर कॉम्प्रेशन आहे. धाडकन गेले तर इंजिनात दम नाही. सायलेन्सर खोलायला लावा आणि आतला पिस्टन पाहा. त्यावर उभे ओरखडे असतील तर ते इंजिन एकदा जॅम झालेले आहे. कितीही स्वस्त मिळाले तरी सोडून द्या. पुढच्या हँडलसमोरचा चेनब्रेक चालत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत मशीन हातात धरू नका.

दुसरी गोष्ट, इंधन. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. लुना चालवलेल्या मंडळींना समजेल. याला तेलाची वेगळी टाकी नाही, पेट्रोलमधून जाते तेवढेच तेल पिस्टनला मिळते. साधे टू-टी ऑईल असेल तर लिटरला 40 मिली. पन्नासास एक असे लिहिलेले चेनसॉचे खास ऑईल असेल तर लिटरला 20 मिली. मशीनच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर वेगळे प्रमाण असेल तर ते पाळा. अंदाजाने ओतू नका. 20 मिलीची नवी सिरिंज आणा आणि त्याच कामाला ठेवा. मिश्रण वेगळ्या डब्यात करा, हलवा, मग टाकीत भरा. डब्यावर ठळक लिहा : चेनसॉचे पेट्रोल.

आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसामक्यापासून होते, तेव्हा मी त्याला नावे ठेवणार नाही. पण ते हवेतला ओलावा ओढते, आणि जुन्या मशीनच्या रबरी नळ्या व कार्बोरेटरचा पडदा त्याने खराब होतो. म्हणून महिन्याभरात संपेल एवढेच मिश्रण करा. काम संपले की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

दुसऱ्या टाकीत चेनचे तेल जाते. तिथे ट्रॅक्टरचे जळके ऑईल ओतू नका. त्यातला लोखंडाचा कीस पट्टी आणि तेलाचा पंप खातो, आणि तेच ऑईल तुमच्या अंगावर उडते. तेल येते का, ते तपासायला पट्टीचे टोक जुन्या वर्तमानपत्रावर धरून, कागदाला न टेकवता, रेस द्या. तेलाची रेघ उठली पाहिजे.

तिसरी गोष्ट, चेन. मशीन बंद आणि थंड असताना ताण बघा. चेन पट्टीच्या खालच्या कडेला टेकलेली हवी, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरली पाहिजे. धारदार चेन लाकडाचे कपटे काढते. पीठासारखा भुसा पडू लागला की धार गेली समजा. मग जोर लावू नका, कानस लावा. गोल कानस चेनच्या मापाचीच घ्या, एकाच दिशेने, आतून बाहेर चालवा, आणि सर्व दाते सारख्या लांबीचे ठेवा. एका बाजूचे दाते आखूड झाले तर काप वाकडा जातो. पट्टीची खाच साफ करा, पट्टी अधूनमधून उलटी बसवा. एअर फिल्टर दररोज झटका. प्लग काढून पाहा : तपकिरी असेल तर ठीक, काळा ओला असेल तर तेल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला, पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, मशीन ताबडतोब थांबवा.

शेवटची गोष्ट जिवाची. मशीन जमिनीवर ठेवून, पाय मागच्या हँडलमध्ये रोवून सुरू करा. हातात लोंबकळते ठेवून दोरी ओढू नका. रेस सोडल्यावर चेन थांबली पाहिजे. फिरत राहिली तर मेस्त्रीकडे न्या. पट्टीच्या टोकाच्या वरच्या भागाने कापू नका. तो लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते. खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. गरम मशीनमध्ये पेट्रोल भरू नका, आणि विडी पेटलेली असताना तर मुळीच नाही.

वादळात पडलेले झाड ताणलेल्या धनुष्यासारखे असते. आधी दाबलेल्या बाजूने थोडा काप घ्या, मग ताणाच्या बाजूने पुरा करा. खोड कुठे उसळेल तिथे कोणी उभे राहू नका. एकट्याने कापू नका. आंबा, फणस, साग अशी झाडे उभी असतील तर तोडण्याआधी परवानगीचे बघा. 1964 चा कायदा अजून आहे.

गटाने मशीन घेतले तर एक जण त्याचा जबाबदार ठरवा. डबा, सिरिंज, कानस, जाड बूट, चष्मा हे सगळे मशीनबरोबर एकाच पेटीत ठेवा. पावसाळ्याच्या आधी एकदा चालवून बघा. वादळ तारीख कळवून येत नाही, आणि त्या दिवशी माळ्यावरचे बंद मशीन कोणाच्याच उपयोगी पडत नाही.