संकेतस्थळावरील पाटी

झाशीत मराठी घराणी स्थिरावली ती अठराव्या शतकात, नारोशंकरांच्या सुभेदारीपासून. समजा, तेथील सीपरी बाजारातील एखाद्या मराठी घरातल्या मुलीला संगणकाचे आज्ञालेखन शिकावयाचे आहे. घरी संगणक नाही. हाती आहे तो वडिलांचा मोबाईल. तिच्यासाठी कोणी शिक्षक संकेतस्थळावर धडा मांडील, तर त्याने धड्याशेजारी लिहिण्याची पाटीही ठेविली पाहिजे. या पाटीला कोड एडिटर म्हणतात.

मजकुराची साधी चौकट अक्षरे घेते खरी. परंतु ओळींचे क्रमांक, कंसांच्या जोड्या, शब्दांचे अर्थानुरूप रंग तिला ठाऊक नसतात. हे सर्व पुरविणाऱ्या तयार पाट्या विनामूल्य मिळतात. त्यांपैकी दोन प्रसिद्ध आहेत. मायक्रोसॉफ्टची मोनॅको ही व्हीएस कोड या लेखनसाधनाच्या गाभ्याशी आहे. ती सामर्थ्यशाली खरी, पण आकाराने भारी. शिवाय मोबाईलवर ती चालविण्याची हमी तिचे कर्तेच देत नाहीत. मरैन हावरबेके यांची कोडमिरर ही २००७ पासूनची. तिची सहावी आवृत्ती २०२२ मध्ये स्थिरावली. तिचे हवे तेवढेच भाग घेता येतात आणि मोबाईलचाही विचार तीत केलेला आहे. आपल्या विद्यार्थिनीपुरता निर्णय येथेच होतो.

दुसरी कसोटी देवनागरीची. आज्ञावलीचे शब्द इंग्रजी असले, तरी उत्तराचे वाक्य मराठीत असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण 'लक्ष्मी' या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, तर युनिकोडच्या हिशेबी सात चिन्हे असतात. प्रत्येक चिन्हाची रुंदी सारखीच, असे गृहीत धरणाऱ्या पाटीत लेखनखूण भलत्याच जागी उभी राहते. म्हणून पाटी निवडण्यापूर्वी हाच शब्द लिहावा, खूण मागे-पुढे न्यावी, मधले अक्षर खोडून पाहावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाटी केवळ लिहून घेते; लिहिलेले चालविणे हे निराळे काम. पायथन भाषेसाठी २०१८ साली निघालेले पायोडाइड ते काम ब्राउझरमध्येच करते. मात्र त्याचे पहिले उतरविणे बरेच मोठे असते, म्हणून विद्यार्थिनीने 'चालवा' म्हटल्यावरच ते आणवावे. तसेच परक्या हातची आज्ञावली मुख्य पानापासून अलग चौकटीत चालवावी, म्हणजे पानावरील खासगी माहितीला तिचा स्पर्श होणार नाही.

शिक्षकाने आपल्या मोठ्या पडद्यावर धडा तपासून समाधान मानू नये. साध्या मोबाईलवर, मंद जोडणीवर, मराठी शब्द लिहून तो तपासावा. तसे केले तरच सीपरी बाजारातील त्या मुलीला धडा खऱ्या अर्थाने मिळेल.